जुनी गाडी घेताना चाइल्ड सीटच्या कड्या कशा शोधाव्यात?

पत्र : मी कराडजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. माझे पती कोल्हापूरला नोकरी करतात आणि दर आठवड्याला आम्हा सर्वांचे महामार्गावरून जाणे-येणे असते. मुलगा आठ महिन्यांचा आहे, वजन साडेआठ किलो. साडेचार लाखांपर्यंतची जुनी गाडी घ्यायची आहे आणि बाळाची सीट अडकवण्याच्या कड्या असलेलीच गाडी घ्यावी, असा माझा आग्रह आहे. पण अशा जुन्या गाड्या शोधायच्या कशा, हेच कळत नाही. सध्या दोन गाड्या पाहिल्या आहेत. एक २०१७ची डिझायर आहे. विक्रेता म्हणतो की तिला आयसोफिक्स, म्हणजे याच कड्यांची सोय आहे, पण आम्हाला काहीच दिसले नाही. दुसरी २०१६ची वॅगन आर आहे. पहिल्याच मालकाकडची आणि उत्तम ठेवलेली, पण तिला कड्या नाहीत. तिथला मेकॅनिक म्हणाला, "दोन हजारांत वेल्डिंग करून कड्या बसवून देतो." माझ्या नणंदबाई न्यू जर्सीला असतात. त्या येताना तिकडची सीट आणणार आहेत. आणि सासूबाईंचे म्हणणे असे, की बाळ आजीच्या मांडीवर जितके सुरक्षित तितके कुठेच नाही. आम्ही काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातली एक गोष्ट थांबण्यासारखी नाही, म्हणून तिचे उत्तर आधी देतो. वेल्डिंग करून कड्या बसवून घेऊ नका. दोन हजारांतही नको आणि फुकटातही नको.

या कड्या म्हणजे मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत, आडव्या बसवलेल्या लोखंडी दांड्या असतात. त्यांची जाडी सहा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीपेक्षा किंचित कमी, त्यामुळे ‘असली दांडी तर कोणीही बसवून देईल’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावलीनुसार या कड्या तपासल्या जातात, तिच्यात त्यांना पुढच्या दिशेने आठ किलोन्यूटनची, म्हणजे साधारण ८०० किलो वजन टांगल्याइतकी ओढ सोसावी लागते. ही ओढ एकटी दांडी सोसत नाही. ती दांडी ज्या पत्र्यावर आहे, तो पत्रा ज्या आडव्या तुळईला जोडलेला आहे आणि ती तुळई गाडीच्या सांगाड्याला जिथे मिळते, ते सगळे मिळून ती सोसते. गॅरेजमधला कारागीर कितीही कसबी असला, तरी त्याला हा हिशेब ठाऊक नसतो. वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतालचा पातळ पत्रा कमजोर होतो, आणि पुष्कळदा दांडी सांगाड्याला न जोडता सीटच्याच चौकटीला जोडली जाते. असा जोड रोजच्या वापरात हलतही नाही, म्हणून पालकांचा त्याच्यावर विश्वास बसतो, आणि तो सुटतो तो नेमका अपघाताच्या क्षणी. अपवाद एकच आहे. त्या मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात कंपनीने कड्या दिलेल्या असतील आणि तुमच्या गाडीच्या सांगाड्यात त्यांची बोल्टची भोके मूळचीच असतील, तर अधिकृत सर्व्हिस सेंटर चासी नंबर पाहून मूळ सुटा भाग बसवून देऊ शकते. भागाचा क्रमांक कंपनीच्या यादीत त्या चासी नंबरसमोर निघाला तरच पुढे जावे. ‘तसलाच मिळतो’ असे उत्तर आले, तर तिथेच विषय संपवावा.

आता तुमच्या आग्रहाविषयी. तो योग्य आहे, मात्र तो थोडा सरकवून मांडावा असे मला वाटते. आयसोफिक्सचा मुख्य फायदा असा, की सीट चुकीची बसण्याची शक्यता फार कमी होते. सीटचे दोन दांडे कड्यांवर दाबले की ‘खट्’ असा आवाज येतो आणि दोन्ही बाजूंच्या खुणा लाल जाऊन हिरव्या होतात. पट्ट्याने सीट बांधताना मात्र पट्टा चुकीच्या खाचेतून गेला, ढिला राहिला किंवा पिळला गेला, तर वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. म्हणजे कड्यांमुळे माणसाच्या हातून होणारी चूक टळते. काळजीपूर्वक, घट्ट आणि सीटच्या पुस्तिकेबरहुकूम पट्ट्याने बांधलेली सीटही बाळाचे उत्तम रक्षण करते, आणि कड्या नसलेल्या गाड्यांसाठी ती पद्धत पूर्णपणे मान्य आहे. म्हणून जुनी गाडी पाहताना माझा क्रम असा असतो : गाडीचा सांगाडा निर्दोष आहे का, मागे खांद्यावरून येणारे तीन टोकांचे पट्टे आहेत का आणि ते नीट चालतात का, एअरबॅगा जागेवर आहेत का, आणि त्यानंतर कड्या. पहिल्या तीन गोष्टी सारख्या असतील, तर कड्या असलेली गाडी डोळे झाकून निवडावी. पण अपघातातून दुरुस्त झालेली कड्यांची गाडी आणि जपून वापरलेली बिनकड्यांची गाडी यांत निवड करायची वेळ आली, तर मी दुसरी घेईन.

कड्यांची जुनी गाडी शोधायची कशी, या तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर वर्षात सापडत नाही. ते महिन्यात आणि आवृत्तीत सापडते. आपल्याकडे सुरुवातीला आयसोफिक्स बहुधा महागड्या प्रकारांपुरतेच दिले जाई. पुढे २०१६ पासून एकेका कंपनीने काही गाड्यांच्या सर्व प्रकारांत, अगदी सर्वांत स्वस्त प्रकारातही, ते द्यायला सुरुवात केली. टोयोटाने सप्टेंबर २०१६ मध्ये इटिओस आणि लिव्हा यांच्या सुधारित आवृत्त्या आणल्या, तेव्हा दोन एअरबॅगा, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि आयसोफिक्स या गोष्टी सर्व प्रकारांत दिल्या. मारुतीची इग्निस जानेवारी २०१७ मध्ये याच सामग्रीसह आली. होंडाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सिटीचे रूप बदलताना तेच केले. नवी डिझायर मे २०१७ मध्ये, नवी स्विफ्ट फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि दुसऱ्या पिढीची अमेझ मे २०१८ मध्ये आली. या तिन्हींच्या तळाच्या प्रकारालाही कड्या होत्या. थोडे बजेट वाढवता आले तर २०१८ च्या उत्तरार्धातली महिंद्रा मराझो आणि २०१९ ची एक्सयूव्ही ३०० याही याच यादीत येतात. या तारखांच्या आधीच्या त्याच नावाच्या गाड्यांमध्ये कड्या असतीलच असे धरून चालू नये. तिथे प्रत्येक प्रकार वेगळा तपासावा लागतो.

तुमच्या डिझायरची मेख इथेच आहे. ‘२०१७ची डिझायर’ या शब्दांत दोन वेगळ्या गाड्या मावतात. मे महिन्यापूर्वी विकली जात होती ती मागच्या पिढीची गाडी, जिच्या पाठीवर ‘स्विफ्ट डिझायर’ असे लिहिलेले असे. मे मध्ये आली तिच्या नावातून ‘स्विफ्ट’ गळले आणि तिचा सांगाडाच नवा होता. शिवाय जुन्या आकाराची गाडी त्यानंतरही ‘टूर’ या नावाने टॅक्सीसाठी विकली जात राहिली. विक्रेता खोटे बोलतो आहे असे मी म्हणत नाही. त्याच्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या येत असतील आणि जाहिरातीचा मजकूर एकीवरून दुसरीवर उतरवला गेला असेल. म्हणून आरसी मागा आणि तिच्यावर नोंदणीची तारीख न पाहता उत्पादनाचा महिना व वर्ष पाहा. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी पुढल्या वर्षी नोंदवली जाणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. विम्याच्या पॉलिसीवर बहुतेक वेळा प्रकाराचे पूर्ण नाव असते, ते टिपून घ्या. त्या वर्षाचे माहितीपत्रक किंवा गाडीसोबतची मालकाची पुस्तिका मिळाली तर फारच उत्तम, कारण पुस्तिकेत लहान मुलांच्या सीटविषयी एक स्वतंत्र तक्ता असतो. कोणत्या आसनावर कोणत्या वजनगटाची सीट बसवता येते आणि कोणत्या आसनावर बसवूच नये, हे त्यात दिलेले असते.

एवढे झाल्यावर गाडीजवळ जा. तुम्हाला कड्या दिसल्या नाहीत याचे मला आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे नवी गाडी घरी येते आणि आठवडाभरात कुशनवाल्याकडे जाऊन कृत्रिम चामड्याची कव्हरे चढवून घेते. ही कव्हरे पाठ आणि बैठक यांच्या फटीत खोल खोचून, मागे हुकांनी ताणून बांधतात. त्यामुळे कड्याही झाकल्या जातात, आणि मूळ कापडावर शिवलेली आयसोफिक्सची लहानशी पट्टीही. विक्रेत्याला सांगून मागच्या सीटचे कव्हर सैल करून घ्या. मग दाराकडच्या आसनाच्या फटीत दोन्ही हातांची बोटे घाला आणि बैठक खाली दाबत सरकवत जा. थंड, गुळगुळीत, आडवी दांडी बोटांना लागली पाहिजे, आणि तिच्याच रेषेत दुसरी. एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत २८ सेंटिमीटर अंतर असते. टेप लावून ते मोजा. हे अंतर जगभर एकच आहे, त्यामुळे ते कमी-जास्त निघाले तर दांडी नंतर बसवलेली आहे असे समजावे. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंच्या आसनांवर अशी जोडी मिळायला हवी. मधल्या आसनावर ती सहसा नसते, आणि डाव्या जोडीची आतली दांडी व उजव्या जोडीची आतली दांडी मिळून मधली जोडी होते, असा समज करून घेऊ नये, कारण त्यांतले अंतर वेगळे असते.

यानंतर तिसरी कडी शोधायची. पुढे तोंड करून बसवायच्या अनेक सीटना वरून मागे जाणारा एक पट्टा असतो. धक्का बसला की बाळाचे डोके फार पुढे झेपावू नये, हे काम तो करतो. त्याची कडी सेडान गाडीत बहुधा मागच्या काचेखालच्या फळीवर, एका छोट्या झाकणाखाली असते. हॅचबॅकमध्ये ती सीटच्या पाठीमागे किंवा डिकीच्या तळाशी असते. ती हरवण्याची आपल्याकडची कारणे ठरलेली आहेत. सेडानच्या त्या फळीवर कोणीतरी मोठे स्पीकर बसवून वरून नवे कापड चिकटवलेले असते, आणि हॅचबॅकच्या डिकीत नंतर बसवलेले सीएनजीचे सिलिंडर अशा जागी असते की कडी असूनही हात पोचत नाही. डिकीत सामान बांधण्याच्या जाळीसाठी जे हुक असतात, ते या कामाचे नाहीत. नवख्या माणसाची तिथे फसगत होते. शंका आली तर पुस्तिकेतले चित्र पाहावे.

कव्हर सैल झालेलेच आहे, तर मेकॅनिकला मागची बैठकही उचलायला सांगा. बहुतेक गाड्यांमध्ये ती खटक्यांवर किंवा एखाद्या बोल्टवर असते आणि थोड्याच वेळात सुटते. हे एक काम केले की तीन गोष्टींचा उलगडा होतो. कड्यांचे मूळ दिसते : कंपनीचा रंग सलग आहे, की भोवती घासल्याच्या, जळाल्याच्या, वेगळा रंग मारल्याच्या खुणा आहेत. पट्ट्यांचे बोल्ट आणि त्यांच्याखालचा पत्रा गंजलेला आहे का, तेही दिसते. आणि कोपऱ्यांत, तारांच्या वेष्टनांत बारीक गाळाचा थर सापडला तर गाडी पुरात उभी होती हे समजते. तुमच्या भागात या शेवटच्या तपासणीला मी फार महत्त्व देतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला अनेक गाड्या पाण्यात बुडाल्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून बाजारात येणे अगदी शक्य आहे. पुराचे पाणी एअरबॅगच्या जोडण्यांत शिरले की पुढे केव्हा काय बंद पडेल याचा नेम नसतो. अशी गाडी कड्यांसकट सोडून द्यावी. डिकीतली चटई उचलून जादा चाकाचा खड्डाही पाहून घ्या. तिथला पत्रा ठोकून सरळ केलेला दिसला तर मागून जोरदार धडक बसलेली आहे, आणि कड्या त्याच भागाच्या आधाराने उभ्या असतात.

किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझलाच नाही तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर बिघाड लपवण्यासाठी दिवा काढलेला असू शकतो, आणि ते अधिक वाईट.

तारांकनाविषयी दोन शब्द, कारण कड्या म्हणजे सुरक्षितता असे समीकरण झाले आहे. गाड्या धडकवून त्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१८ मध्ये भारतातली स्विफ्ट तपासली, तेव्हा कड्या आणि दोन एअरबॅगा असूनही तिला प्रौढांसाठी दोन आणि मुलांसाठी दोनच तारे मिळाले. २०१९ मध्ये अमेझला प्रौढांसाठी चार तारे मिळाले, पण मुलांसाठी एकच. उलट २०२० मध्ये एक्सयूव्ही ३०० ला प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. ही सगळी तारांकने जुन्या पद्धतीची आहेत. २०२२ मध्ये कसोट्या अधिक कडक झाल्या, त्यामुळे आजच्या गाडीच्या ताऱ्यांशी त्यांची सरळ तुलना करू नये. पण एकाच काळातल्या दोन जुन्या गाड्यांमध्ये निवड करताना मुलांसाठीचा आकडा वेगळा काढून पाहावा. जाहिराती बहुतेक वेळा प्रौढांचाच आकडा मिरवतात.

आता वॅगन आर. तुम्ही कड्यांवरून तिला बाद करू नका, पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय पसंतही करू नका. २०१६ मध्ये या गाडीच्या सगळ्याच प्रकारांत एअरबॅग नव्हती, काहींतच होती. ती असलेला प्रकार आहे का, ते आधी पाहा. चालकाच्या आसनावर बाळाचे बाबा किंवा आई असते, त्यामुळे हा प्रश्न बाळाचाही आहे. दुसरी गोष्ट मागच्या पट्ट्यांची. अनेक घरांत मागचे पट्टे कधी लावलेच जात नाहीत, आणि कुशनवाला त्यांची कुलपे कव्हराखाली दाबून टाकतो. ती वर काढून घ्या. प्रत्येक पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. कडा विरलेल्या, कापड पिवळे-कडक झालेले किंवा टाके उसवलेले असतील तर पट्टा कंपनीचाच नवा घालावा लागेल. पट्टा झटक्याने ओढल्यावर अडकला पाहिजे, सोडल्यावर सावकाश पण पूर्ण आत गेला पाहिजे, कुलूप एका दाबात लागले आणि एका दाबात सुटले पाहिजे. फक्त कमरेवरून जाणारा, दोन टोकांचा पट्टा असेल तर त्या जागी बहुतेक चाइल्ड सीट बसत नाहीत. जुन्या गाड्यांच्या मधल्या आसनाला बहुधा असाच पट्टा असतो. मागे तोंड करून बसवायच्या सीटला पट्ट्याचा वेढा मोठा लागतो, आणि काही जुन्या गाड्यांत पट्टा तेवढा पुरतच नाही. कुलपाची दांडी लांब असेल तर ते सीटच्या कडेवर टेकून वाकडे दाबले जाते, तेही चालत नाही. पट्टा नीट बसल्यानंतर तो ज्या खाचेतून जातो तिथे सीट धरून डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवून पाहावी. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकत असेल तर ती ढिली आहे.

इथेच तुमच्या नणंदबाईंच्या सीटचा प्रश्न येतो. अमेरिकेत १ सप्टेंबर २००२ पासून बनणाऱ्या गाड्यांना खालच्या कड्या आणि वरची कडी या दोन्ही सक्तीच्या आहेत, आणि तिथल्या पट्ट्यांना एक जास्तीची सोय असते. पट्टा पूर्ण बाहेर ओढून आत जाऊ दिला की तो घट्ट अडकून राहतो, पुन्हा सैल होत नाही. तिकडच्या पुष्कळ सीट या सोयीवर भिस्त ठेवून बनवलेल्या असतात. आपल्याकडच्या गाड्यांचे मागचे पट्टे सहसा फक्त झटका बसल्यावर अडकतात, एरवी मोकळे असतात. त्यामुळे सीटला स्वतःची पट्टा-पकड, म्हणजे पट्टा घट्ट धरून ठेवणारा चिमटा, नसेल, तर ती वॅगन आरमध्ये आज घट्ट वाटेल आणि दोन वळणांनंतर ढिली होईल. कड्या असलेल्या डिझायरमध्ये तिकडच्या सीटचे हुक अडकवता येतात, पण आपल्या नियमांना अपेक्षित असलेले चिन्ह तिच्यावर नसते. म्हणून नणंदबाईंना प्रेमाने सांगा, की सीट आणण्याऐवजी इथे घेण्यासाठी मदत करा. इथे घेताना सीटच्या पाठीवर किंवा तळाशी नारिंगी पट्टी शोधा. तिच्यावर वर्तुळात ‘ई’ हे अक्षर, आर-४४ किंवा आर-१२९ हा नियमाचा क्रमांक आणि सीटचा वजनगट किंवा उंचीची मर्यादा छापलेली असते. भारतीय मानकाचा क्रमांक एआयएस-०७२ आहे. दोन्ही गाड्यांचा विचार चालू असेपर्यंत पट्ट्यानेही आणि कड्यांनीही बसवता येईल अशीच सीट पाहा. दुसऱ्या कोणाची वापरलेली सीट घेऊ नका, ती अपघातातून गेलेली नाही याची स्वतः खात्री देईल असे घरचे माणूस असल्याखेरीज. प्लॅस्टिकच्या आतल्या भेगा बाहेरून दिसत नाहीत.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली आणि तिथे जुनी गाडी शोधणारी जोडपीही या सदराला लिहीत असतात, म्हणून त्यांच्यासाठी एवढेच : २००२ च्या सप्टेंबरनंतर बनलेली गाडी घ्या, आणि तिथल्या खालच्या कड्यांची मर्यादा मूल आणि सीट मिळून ६५ पौंडांची आहे हे लक्षात ठेवा. त्यापुढे सीट पट्ट्याने बांधायची आणि वरचा पट्टा तसाच ठेवायचा.

सासूबाईंचे म्हणणे मायेचे आहे आणि त्याला उत्तरही मायेनेच द्यायला हवे. त्यांना हिशेब सांगा. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला स्वतःच्या वजनाच्या अकरा पटींहून अधिक ओढ बसते. तुमच्या साडेआठ किलोच्या बाळाला धरून ठेवायला आजींच्या हातांत त्या क्षणी ९५ किलोंच्या घरातली ताकद लागेल. हा वेग गावातला झाला, महामार्गावर तुम्ही त्याच्या दुप्पट वेगाने जाता. कोणाही आईचे, आजीचे, पैलवानाचेही हात तेवढे धरू शकत नाहीत, यात प्रेमाची कसोटी नाही. सीट बसवल्यावर सासूबाईंची जागा बाळाच्या शेजारी ठेवा, आणि त्यांनी स्वतःचा पट्टा लावलाच पाहिजे हे घरात ठरवून टाका. मागे पट्टा न लावलेले माणूस धडकेत शेजारच्या बाळावर आदळू शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते, हे त्यांनाही आठवत असेल. कायद्याचा आधार हवा असेल तर तोही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट यांशिवाय नेल्यास चालकाला एक हजार रुपये दंड आहे.

तर निर्णय. डिझायर मे २०१७ किंवा त्यानंतर बनलेली, नव्या आकाराची निघाली, बैठकीखाली गाळ आणि ठोकाठोक सापडली नाही, कड्या मोजून बरोबर भरल्या, तर तीच घ्या. ती जुन्या पिढीची निघाली, किंवा कव्हर सैल करायला विक्रेता नाही म्हणाला, तर तिचा नाद सोडा. वॅगन आर एअरबॅगची असेल आणि तिचे मागचे पट्टे ठणठणीत असतील, तर पट्ट्याने बसणाऱ्या सीटसह ती घ्यायला माझी हरकत नाही. या दोन्ही जमल्या नाहीत, तर सप्टेंबर २०१६ नंतरची इटिओस किंवा लिव्हा शोधा. या गाडीला २०१६ मध्ये प्रौढांसाठी चार तारे मिळाले होते, मुलांसाठी मात्र दोनच, आणि आता तिचे उत्पादन बंद असल्यामुळे ती तुमच्या बजेटमध्ये येण्याची शक्यता आहे.

कोणतीही गाडी घ्या, इसार देण्याआधी सीट विकत आणलेली असू द्या आणि ती बरोबर घेऊन जा. गाडी सपाट जागी उभी करून सीट मागच्या डाव्या आसनावर, मागे तोंड करून बसवून पाहा. डावी बाजू यासाठी, की रस्त्याच्या कडेला थांबल्यावर बाळाला रहदारीकडून चढवावे-उतरवावे लागत नाही. सीटला जमिनीवर टेकणारा पाय असेल तर तो जिथे टेकतो तिथे तळाखाली पोकळ कप्पा नसावा. तुमच्या मुलाला किमान पंधरा महिन्यांपर्यंत, आणि सीटची मर्यादा परवानगी देईल तितके त्याहूनही अधिक काळ, मागेच तोंड करून बसवायचे आहे. अशी सीट लहान गाडीत बरीच जागा खाते, म्हणून पुढच्या डाव्या आसनावर यजमानांना बसवून त्यांचे गुडघे कुठे येतात ते पाहा. जागा पुरत नसेल तर बाळाला पुढे हलवण्याचा मोह कोणालाही होतो. पण समोर चालू एअरबॅग असलेल्या आसनावर मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवायची नाही, कारण उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. मागच्या आसनावर जागा पुरली, सीट हलली नाही, खुणा हिरव्या झाल्या किंवा पट्टा घट्ट राहिला, की मग पैशांचे बोलणे सुरू करा.